मूठ

तीन आठवडे तळघरात कुणीतरी लाह्या भाजत होतं.
रात्री दोनला, पहाटे भांडी घासताना
टाकी तडतडायची, मधेच ढेकर द्यायची.
बापाला सांगून उपयोग नव्हता.
व्हर्लिन हॅकलर, एकतीस वर्षं दगडाच्या खाणीत,
करवतीपाशी. कान तिथेच ठेवून घरी आलेला.

इंडियानाच्या या पट्ट्यात
विहिरीचं पाणीसुद्धा दगडच, फक्त अजून थिजलेलं नसतं.
किटलीत थिजतं, तोटीच्या ओठावर थिजतं,
टाकीच्या बुडाशी थर धरतं,
आणि खालची ज्योत आधी त्या थराला तापवते, मग आम्हाला.

शनिवारी गॅसची कळ पायलटवर आणली,
गार पाण्याची झडप बंद केली, टाकी निवेपर्यंत दोन तास थांबले.
बागेतली हिरवी नळी खालच्या तोटीला पिळून बसवली,
दुसरं टोक मोरीच्या जाळीवर.
बाप जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसला.
गुडघ्यांनी उतरणं कधीच सोडलंय.
हातवारे सुरू. खाणीतले,
क्रेनवाल्याला खालून द्यायचे ते.
अंगठा वर: उचल.
तळहात पालथा, बोटं हलती: सावकाश खाली.
मूठ: थांब, आहेस तिथेच.
मी पाच वर्षांची असताना याच खुणांनी
तो मला झाडावरून उतरवायचा.

तोटी उघडली. दोन थेंब.
अंगठा वर. अजून उघडली. काही नाही.
तो ओरडला, गल्लीला ऐकू जाईल असं,
"वरचा गरम नळ सोडलास का? हवा कुठून जाणार आत?"
विसरलेच होते.
त्याला ओलांडून वर, नळ सोडला, त्याला ओलांडून खाली.
चौदा थेंब.
मग हँगरची तार सरळ करून तोटीत खुपसली,
ढोसली, एक शिवी हासडली.
त्याला ऐकू आली नाही, पण ओठांवरून कळली,
आणि तो हसला.

तेवढ्यात खळ्ळकन सुटलं.
दुधासारखं पाणी, मग ताकासारखं, मग
खडे, पापुद्रे, अंड्याच्या कवचासारखे तुकडे,
जाळीवर ढीग.
त्याने मूठ वर धरली.
मी तोटी बंद केली, काय चुकलं म्हणून वर पाहिलं.
"दाखव," म्हणाला.

ओंजळभर गाळ घेऊन गेले.
त्याने एक खपली अंगठ्याने चोळली, उजेडात धरली,
नखाने कुरतडली,
जसा एके काळी ठरवायचा:
हा दगड शहराकडे जाईल, हा इथेच राहू दे.
"भुसभुशीत," म्हणाला. "याचं काही बांधता येणार नाही."
पण टाकली नाही. शर्टाच्या खिशात घातली.

वरच्या नटाला पाना लागला, पान्याला पाइप,
पाइपला माझं सगळं वजन.
मॅग्नेशियमची कांडी बाहेर आली.
बसवली तेव्हा अंगठ्याएवढी असणार,
आता नुसती तार, कुठे कुठे चावा राहिलेला.
टाकीचं लोखंड वाचावं म्हणून
पाण्याने आधी हिला खायचं, एवढंच तिचं काम.
मी ती त्याच्यापुढे धरली.
त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे,
आणि बजावलं, यावर एक अक्षर बोलायचं नाही.

नवी कांडी. पाणी भरलं. वरचा नळ खोकला, थुंकला,
मग सलग वाहू लागला.
पायलट तिसऱ्या खेपेला धरला.
टाकीच्या पोटावर पेन्सिलीने त्याच्या तारखा,
एकीखाली एक, शेवटची नऊ वर्षांपूर्वीची.
तिच्याखाली मी आजची लिहिली. अक्षर वाकडं आलं.

रात्री जेवताना तो म्हणाला, "थांबलं एकदाचं."
"काय?"
"तडतड. तळपायांना लागायची झोपताना.
वर्ष तरी झालं असेल."
"मग सांगितलं का नाहीस?"
त्याने चमचा ठेवला,
टेबलाच्या कडेवर मूठ धरली,
आणि पहिल्यांदाच मला ती खूण वाचता येईना:
थांब म्हणतोय,
की आत तो तुकडा आहे.